हाँगकाँगमधील ग्रामीण उद्याने

हाँगकाँग शहराला लागून असलेल्या डोंगराळ व किनारी प्रदेशात निसर्गसंरक्षण आणि लोकांचे मनोरंजन या दुहेरी हेतूने कायद्याने राखून ठेवलेली क्षेत्रे. ‘कंट्री पार्क’ या नावाने ती ओळखली जातात. हाँगकाँगचे भूक्षेत्र सु. १,११० चौ. किमी. असून त्यापैकी जवळजवळ ४० टक्के भूमी या उद्यानांत व त्यांना पूरक अशा विशेष क्षेत्रांत मोडते. २०२४ मध्ये मुख्य चीनच्या सीमेलगतचे रॉबिन्स नेस्ट उद्यान घोषित झाल्यावर त्यांची संख्या २५ झाली. सु. ७५ लाख लोकवस्तीच्या आणि जागेच्या टंचाईबद्दल प्रसिद्ध असलेल्या या शहरात एवढी मोठी भूमी मोकळी राहिली, याचे मूळ निसर्गप्रेमापेक्षा पाण्याच्या गरजेत अधिक सापडते.

हाँगकाँग बेटावर मोठी नदी किंवा नैसर्गिक सरोवर नाही. १८४२ च्या तहाने बेट ब्रिटिशांकडे आल्यानंतर वाढत्या वस्तीला पिण्याचे पाणी पुरविण्यासाठी डोंगरांवर पडणारा पाऊस अडविणे हाच मार्ग होता. पोक फू लाम (१८६३) आणि ताय ताम (१८८८) हे जलाशय बेटावर बांधण्यात आले. १८९८ मध्ये ‘न्यू टेरिटरीज’ हा प्रदेश भाडेपट्ट्याने मिळाल्यावर कौलून (१९१०) व शिंग मुन (१९३७) हे जलाशय तयार झाले. पाणी गढूळ होऊ नये व तलाव गाळाने भरू नयेत, म्हणून त्यांच्या पाणलोट क्षेत्रात बांधकामास मनाई करण्यात आली आणि उघड्या उतारांवर झाडे लावण्यात आली. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा इतिहासही बराचसा याच धर्तीचा आहे. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) या तलावांसाठी राखलेल्या डोंगरांनीच तेथील जंगलाला आसरा दिला.

हाँगकाँगचे डोंगर मात्र मुळात जवळजवळ बोडके होते. शेकडो वर्षांच्या सरपणतोडीमुळे व वणव्यांमुळे मूळचे अरण्य गावांमागील लहान ‘फंग शुई’ राया आणि दुर्गम घळी यांपुरतेच उरले होते. शासनाने लावलेली पाइनची वने जपानी अंमलात (१९४१–४५) जळणासाठी तोडली गेली. युद्धानंतर पुन्हा लागवड करण्यात आली, तीत तैवानी अकेशिया, ब्रिस्बेन बॉक्स व स्लॅश पाइन या लवकर वाढणाऱ्या परदेशी जातींवर भर होता. त्यामुळे आज पर्यटकास ‘नैसर्गिक’ वाटणारे जंगल पुष्कळ ठिकाणी एका पिढीने मुद्दाम लावलेले आहे. देशी वृक्ष त्याच्या सावलीत हळूहळू परत येत आहेत.

संरक्षणाचा स्वतंत्र विचार १९६५ मध्ये ली व मार्था टॅलबट या अमेरिकन दांपत्याच्या अहवालाने पुढे आणला. १९६७ मध्ये नेमलेल्या हंगामी मंडळाने पुढील वर्षी आपल्या शिफारशी सादर केल्या. याच काळात शहरात दंगली उसळल्या. कोंदट वसाहतींत राहणाऱ्या तरुणांना मोकळी जागा हवी, ही गोष्ट त्यानंतर शासनालाही तातडीची वाटू लागली. गव्हर्नर मरी मॅक्लेहोज (कार. १९७१–८२) हे स्वतः डोंगर तुडविणारे असल्याने योजनेस वेग आला. १९७६ मध्ये ग्रामीण उद्यान कायदा संमत झाला. जून १९७७ मध्ये शिंग मुन, काम शान व लायन रॉक ही पहिली तीन उद्याने घोषित झाली आणि १९७९ च्या अखेरीपर्यंत त्यांची संख्या २१ वर गेली. बहुतेक भूमी शासकीय मालकीची आणि पाणलोटामुळे आधीच राखीव असल्यानेच हा वेग शक्य झाला.

सहलीच्या जागा, भोजनासाठी शेगड्या, तंबूतळ व पाऊलवाटा यांची सोय सर्वत्र आहे. १९७९ मध्ये खुला झालेला १०० किमी. लांबीचा मॅक्लेहोज मार्ग विशेष प्रसिद्ध आहे. भेट देणाऱ्यांची वार्षिक संख्या एक कोटीहून अधिक असते. भेकर, साळिंदर, रानडुक्कर व खवले मांजर हे प्राणी येथे आढळतात. चिंग मिंग व चुंग यंग या सणांना डोंगरांवरील पितरांच्या थडग्यांशी धूप व कागद जाळण्याची प्रथा असून त्यातून वणवे लागतात. त्यांसाठी जाळरेषा आखाव्या लागतात. १९९६ मध्ये पात सिन लेंग येथील वणव्यात तीन विद्यार्थी व दोन शिक्षक मृत्युमुखी पडले.

जलाशयांच्या आधाराने वाढलेल्या या व्यवस्थेचा दोषही त्यातच आहे. तिने उंच व उताराची, शेतीस आणि घरांस निरुपयोगी अशी भूमी वाचविली. सपाटीवरील पाणथळ जागा, ओढे व जुनी भातखाचरे बहुतांशी बाहेर राहिली. स्थलांतरित पक्ष्यांसाठी विख्यात असलेले माय पो दलदल क्षेत्र ग्रामीण उद्यान नाही. त्याला १९७६ पासून वेगळे संरक्षण मिळाले. गावांच्या खाजगी जमिनी वगळल्यामुळे उद्यानांच्या पोटात वा कडेला ७७ बेटे उरली. ग्रामस्थांच्या दृष्टीने हे न्याय्य होते, कारण त्यांचे हक्क उद्यानांहून जुने होत. परंतु जमिनींचे मोल वाढल्यावर ही बेटे वादाचा विषय झाली. २०१० मध्ये साय वान या सुंदर खाडीकाठी खाजगी खोदकाम सुरू होताच मोठा लोकक्षोभ झाला. २०१३ मध्ये ते स्थळ शेजारच्या उद्यानात घेण्यात आले. क्लिअर वॉटर बे उद्यानाची पाच हेक्टर जमीन कचराभरावासाठी घेण्याचा बेत २०१० मध्ये विधिमंडळाने रोखला. २०१७ मध्ये ताय लाम व मा ऑन शान या उद्यानांच्या कडेच्या जमिनीवर घरे बांधता येतील काय, याचा अभ्यास शासनाने सुचविला होता. तो पुढे सोडून देण्यात आला.