गाडीखाली आलेला मुका जीव आणि कायद्याचा तराजू



पाळलेल्या कुत्र्याला किंवा मांजराला गाडीने उडवले की आपण आधी दवाखाना गाठतो. जीव वाचला की मग मनात येते, धडक देणाऱ्याला कायदा काही विचारतो की नाही? विचारतो, पण कसा, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

1832 साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याची सरकारी मोहीम चालू होती. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. त्यांनी चिडून दंगा केला, बाजार बंद पडला. पुढे 1834 मध्ये भुलेश्वरजवळ पांजरापोळ उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर आपले शेठ मोतीशाही त्यात होते. धर्म वेगवेगळे, पण मुक्या जिवाला आसरा द्यायचा यावर एकमत झाले.

सरकारी कायद्याची नजर मात्र निराळी होती. 1860 च्या भारतीय दंड संहितेत जनावराला मारणे किंवा जायबंदी करणे हा गुन्हा होता, पण तो मालकाच्या मालमत्तेचे नुकसान म्हणून. त्यातही जनावराच्या किमतीप्रमाणे कलमे. 10 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जनावरासाठी 428, तर गाय, बैल, घोडा अशा जनावरांसाठी आणि 50 रुपयांच्या वरच्या इतर प्राण्यांसाठी 429. जिवाच्या वेदनेचा त्यात उल्लेख नव्हता.

स्वातंत्र्यानंतर राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांसाठी खासगी विधेयक मांडले. त्यातून पुढे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याचे 11 वे कलम वाचताना आपल्याला पाठशाळा आठवल्याशिवाय राहत नाही. मारणे, आखूड दोरीने बांधून ठेवणे, अवयव तोडणे, जास्त ओझे लादणे, उपाशी ठेवणे, हे सगळे त्यात गुन्हे आहेत. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार तरी दुसरे काय सांगतात? बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये.

आता अपघाताकडे येऊ. एप्रिल 2020 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर जेवणाची डिलिव्हरी करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुचाकीखाली रस्त्यावरचा कुत्रा आला आणि मेला. मुलगाही घसरून पडला, त्यालाही लागले. पोलिसांनी निष्काळजी वाहन चालवल्याची कलमे आणि 429 लावले. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. पाळणाऱ्याला कुत्रा-मांजर लेकरासारखे असले, तरी बेदरकार वाहन चालवण्याची कलमे माणसांच्या जिवासाठी आहेत, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय 429 साठी हेतू किंवा जाणीव लागते, तीही इथे नव्हती. सरकारने त्या मुलाला 20,000 रुपये द्यावेत, असाही आदेश झाला.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 325 व्या कलमात जनावराच्या किमतीची अट गेली आणि शिक्षा 5 वर्षांपर्यंत ठेवली. पण हेतू किंवा जाणीव अजूनही सिद्ध करावी लागते.

म्हणून निव्वळ निष्काळजीपणा असेल, तर आपला खरा मार्ग भरपाईचा. कायद्याच्या भाषेत पाळीव प्राणी मालमत्ताच, आणि तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मोटार अपघात दावा अधिकरणाकडे जाता येते. अर्ज 6 महिन्यांत करावा, असे कायदा सांगतो. त्यासाठी गाडीचा नंबर, जागेचे फोटो, पाहणाऱ्यांची नावे, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत आणि पशुवैद्यांची बिले जपून ठेवा. प्राणी आपलाच आहे हे दाखवणारे लसीकरणाचे कार्ड किंवा पालिकेचा परवाना हाताशी असावा. आपल्या दुःखाची किंमत त्यात धरली जाईलच असे नाही, हेही मनाशी ठेवा. आणि आपलाच प्राणी मोकळा सुटून रस्त्यावर धावला असेल, तर तो प्रश्न समोरून येणारच. साखळी आणि फाटकाची कडी, ही आपली जबाबदारी.

फौजदारी कायदा विचारतो, मुद्दाम केले का? आपला धर्म एक पायरी पुढे जातो. प्रमादाने जीव दुखावला तरी ती हिंसाच. चालताना चार हात जमीन पाहून पाऊल टाकणे म्हणजे ईर्यासमिती. हा नियम मुनिराजांसाठी, पण गाडीत बसलेल्या श्रावकाला तो परका कसा म्हणायचा? कोर्टात दावा आपण मालक म्हणून लावतो. स्टिअरिंग हाती असते तेव्हा मात्र आपण समोरच्या बाजूला असतो. आपल्या घरी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुलांना आणि ड्रायव्हरलाही, एवढे सांगूया. गल्लीत वेग कमी ठेव, आणि कुणाला लागलेच तर पुढे निघून जाऊ नकोस.