पारा, तार आणि बंदरावरचा बावटा

हवेचा दाब म्हणजे पृष्ठभागाच्या एकक क्षेत्रफळावर असलेल्या हवेच्या स्तंभाचे वजन. समुद्रसपाटीला तो सरासरी १०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीएवढा असतो. टॉरिचेल्लीने १६४३-४४ मध्ये इटलीत पाऱ्याची नळी उभी केली. पुढे माग्डेबर्ग शहरात ओटो फोन गेरिकेने १६६० मध्ये दाब एकाएकी उतरलेला पाहून वादळाचे भाकीत केले आणि ते खरे ठरले.

दाब उतरतो त्या भागाकडे सभोवारची हवा धाव घेते. तिथे ती वर चढते, प्रसरण पावून थंड होते, वाफेचे पाणी होते, ढग जमतात आणि पाऊस पडतो. जास्त दाबाच्या भागात हवा खाली उतरते, तापते आणि आकाश निरभ्र राहते. पृथ्वीच्या परिवलनामुळे वारा सरळ केंद्राकडे न जाता वळतो. उत्तर गोलार्धात तो कमी दाबाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो.

बंगालच्या उपसागरातील वादळांना हा नियम लावून पाहिला तो कोलकात्याच्या हेन्री पिडिंग्टनने. एके काळी जहाजाचा कप्तान असलेल्या पिडिंग्टनने जहाजांच्या रोजनिशांतील वारा आणि दाबाच्या नोंदी ताडून वादळांचे मार्ग आखले. ‘सायक्लोन’ हा शब्दही त्याचाच. मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचा बेत ठरला, तेव्हा वादळी लाटेखाली ते बुडेल, असे त्याने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीला लिहून कळवले. सल्ला मानला गेला नाही. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला आणि १८६७ च्या वादळाने ते बंदर, पोर्ट कॅनिंग, उद्ध्वस्त केले.

त्याआधीच, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कोलकात्यावर महाभयंकर वादळ आदळले. हुगळीतून चढलेल्या लाटेने आणि वाऱ्याने सुमारे ६० हजार माणसांचा बळी घेतला. एकाच जागी पारा उतरताना दिसेपर्यंत वादळ उंबरठ्यावर आलेले असते. किनाऱ्यावरच्या अनेक ठिकाणचे दाब वेळेवर एकत्र कळले, तरच ते कुठून कुठे सरकते आहे हे उमगते. तारायंत्रामुळे ते शक्य झाले होते. १८६५ मध्ये कोलकाता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख झाला. १८८६ पर्यंत इशारे देशातील सर्व बंदरांना मिळू लागले.

या व्यवस्थेचा पाया होता वेधशाळेतल्या निरीक्षकाची काटेकोर नोंद. फोर्टिन वायुदाबमापकात तो खालचा स्क्रू फिरवून पारा इतका वर आणी, की हस्तिदंती टोक पाऱ्यातील स्वतःच्या प्रतिबिंबाला जेमतेम टेके. मग व्हर्नियर मोजपट्टीवर उंची वाचून तपमानाची दुरुस्ती करी. ठिकाणाच्या उंचीचाही हिशेब धरावा लागे, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असलेल्या पुण्यात दाब मुंबईपेक्षा एरवीही साठेक हेक्टोपास्कलने कमी भरतो. शिवाय उष्ण कटिबंधात दाबाला रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा काही हेक्टोपास्कलचा रोजचा चढउतार वजा केल्यावरच खरी घसरण दिसते.

हिशेबाचे फळ बंदरावर दिसे. दिवसा डोलकाठीवर शंकू आणि नळकांड्याच्या आकाराच्या खुणा, रात्री लाल-पांढरे दिवे. एक ते अकरा क्रमांकांचे संकेत. कोकणातला मच्छीमार ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हणतो आणि होडी ओढून घेतो, तो याच व्यवस्थेचा वारसा. आता दाब इलेक्ट्रॉनिक उपकरणे मोजतात आणि वादळ उपग्रहांना दिसते. तरीही हवामान खात्याच्या चक्रीवादळाच्या निवेदनात केंद्रातील अंदाजित दाब आजही दिलेला असतो, कारण भोवतालच्या दाबाशी त्याचा फरक जितका मोठा, तितका वारा जोराचा.