विसुद्धिमग्गाचें मुखपृष्ठ
आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या हार्वर्ड येथील कार्याविषयीं

परदेशांतील विद्यापीठानें आमच्याकडील एखाद्या पंडितास वर्ष-दोन वर्षें बोलावून न्यावें, त्याच्याकडून आपलें अडलेलें काम करवून घ्यावें आणि मुदत भरतांच त्यास निरोप द्यावा, ही चाल आतां चांगली रुळलेली आहे. अभ्यागत प्राध्यापकाचें पद मिळालें म्हणजे वर्तमानपत्रांत चार ओळी येतात व तेथेंच गोष्ट संपते. पाहुण्यानें तेथें केलेलें काम अखेर कोणाच्या नांवें रुजू झालें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पोथ्यांशीं ज्यांचा नित्य संबंध आहे त्यांस मात्र तो अपरिचित नसावा. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपलें नांव, गांव, शक व तिथि घालतो. परंतु त्याच पोथीच्या समासांत बारीक अक्षरांनीं पाठ शुद्ध करीत गेलेल्या शास्त्र्याचें नांव बहुधा कोठेंच नसतें. आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या हार्वर्ड येथील कार्याची कथा याच जातीची आहे. तिचा निर्णय करण्यास लागणारीं साधनें छापील ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर उघडीं पडलेलीं असूनही तीं एके ठिकाणीं ताडून पाहिलेलीं आमच्या पाहण्यांत नाहींत. म्हणून हा प्रयत्न.

कोसंबींचें पूर्वचरित्र त्यांच्या 'निवेदना'वरून महाराष्ट्रास ठाऊक आहे. गोव्यांतील सांखवाळ गांवीं ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं त्यांचा जन्म झाला. १८९९ मध्यें घर सोडल्यावर पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया अशी भ्रमंती करीत ते १९०२ मध्यें सिंहलद्वीपास पोंचले व पुढें ब्रह्मदेशांतही राहिले. आमच्या विषयापुरती या प्रवासांतील एकच गोष्ट महत्त्वाची आहे. पालि वाङ्मय ज्या लिपींत मुख्यत्वें टिकलें त्या सिंहली व बर्मी या दोन्ही लिपि त्यांनीं त्या त्या देशांतील भिक्षूंच्या सहवासांत, नित्याच्या पठणांतून आत्मसात केल्या होत्या. युरोप-अमेरिकेंत त्या काळीं पालि जाणणारे विद्वान् होते. परंतु हा ग्रंथ साधनेचा म्हणून वाचणाऱ्यांच्या पंक्तीस बसलेला मनुष्य तेथें मिळणें कठीण होतें. हिंदुस्थानांत परतल्यावर त्यांनीं कलकत्त्यास पालि शिकविलें. पुढें सयाजीराव गायकवाड यांनीं महाराष्ट्रांत राहून काम करावें या अटीवर दरमहा ५० रुपयांची नेमणूक करून दिली. हार्वर्डचे प्रोफेसर वुड्स यांची गांठ याच काळांत पडली, आणि १९१० मध्यें कोसंबी अमेरिकेस निघाले.

निमंत्रण कशासाठीं होतें, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. ते एका ग्रंथाच्या संपादनासाठीं बोलाविले गेले होते. अध्यापनाचें पीठ त्यांस दिलेलें नव्हतें. हा ग्रंथ म्हणजे 'विसुद्धिमग्ग'. आचार्य बुद्धघोषानें इ. स. च्या पांचव्या शतकांत अनुराधपूरच्या महाविहारांत तो रचिला. शील, समाधि व प्रज्ञा या तीन विषयांचें निरूपण त्यांत तेवीस परिच्छेदांत आहे, आणि थेरवादी परंपरेंत त्रिपिटकाच्या खालोखाल त्याचा मान आहे. हार्वर्डजवळच राहणारे हेन्री क्लार्क वॉरन (१८५४–१८९९) यांनीं या ग्रंथास आपलें आयुष्य वाहिलें होतें. लहानपणीं पडून पाठीस झालेल्या दुखापतीनें ते जन्माचे अधू झाले. तशा स्थितींत त्यांनीं सिंहली व बर्मी ताडपत्रांवरून संहिता रोमन अक्षरांत उतरून काढिली. लॅनमन यांच्याबरोबर 'हार्वर्ड ओरिएंटल सीरीज' ही माला त्यांनींच १८९१ मध्यें सुरू केली, आणि मरतांना तिच्यासाठीं द्रव्यही ठेविलें. लॅनमन हे तेथील संस्कृताचे अध्यापक. १८८९ मध्यें हिंदुस्थानांत फिरून यांनीं हार्वर्डच्या ग्रंथालयासाठीं सुमारें ५०० संस्कृत-प्राकृत पोथ्या नेल्या होत्या. (त्या गेल्या त्या गेल्याच, परंतु तेथें त्यांस वाळवी लागली नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.) पोथ्या आधीं गेल्या, त्या वाचणारा एकवीस वर्षांनीं मागाहून बोलावला गेला.

वॉरन यांच्या संहितेवर कोसंबींस काय करावयाचें होतें, हें पाठचिकित्सेचा अनुभव असणाऱ्यांस एका उदाहरणानें कळेल. सिंहली लिपींत 'च' व 'व' हीं अक्षरें इतकीं सारखीं आहेत कीं, घाईनें लिहिलेल्या ताडपत्रावर एकाच्या जागीं दुसरें वाचलें जाणें नित्याचें आहे. पालींत 'च' म्हणजे 'आणि', तर 'व' म्हणजे 'च' हें निश्चयार्थी अव्यय किंवा 'सारखें', आणि कधीं ऱ्हस्व झालेला 'वा'. अशा ठिकाणीं चार प्रती एक पाठ देतात म्हणून तो खरा, असें म्हणून भागत नाहीं. ध्यानाच्या ज्या क्रियेचें वर्णन चाललें आहे तींत दोन गोष्टी बरोबर करावयाच्या कीं दोहोंपैकीं एक, हें माहीत असावें लागतें. शिवाय बुद्धघोष पदोपदीं निकायांतील वचनें घेतो. तीं मूळ ठिकाणीं शोधून ताडल्यावांचून पाठनिश्चिति होत नाहीं. वॉरन यांनीं पाया उत्तम घातला होता याबद्दल आम्हांस शंका नाहीं. परंतु अशा ग्रंथांत उतरून काढलेली संहिता व निश्चित केलेली संहिता यांमध्यें फार मोठें अंतर असतें.

तंटा पडला तो नांवावरून. ग्रंथ वॉरनचा आहे व वॉरनचाच राहिला पाहिजे, कोसंबी हे साहाय्यक होत, असा लॅनमन यांचा आग्रह होता. आपल्या श्रमाचा मुखपृष्ठावर यथायोग्य उल्लेख व्हावा, असें कोसंबींचें म्हणणें होतें. तडजोड झाली नाहीं. १९१२ च्या आरंभीं कोसंबी काम सोडून परतले.

लॅनमन यांस केवळ दुराग्रही ठरवून मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मित्र अपंग, अल्पायुषी, आणि त्याच्याच द्रव्यावर माला चाललेली. त्याचें स्मारक म्हणून तो ग्रंथ निघावा ही इच्छा स्वाभाविक होती. परंतु इतिहासांत इच्छेपेक्षां पायंड्यास अधिक किंमत असते, आणि पायंडा लॅनमन यांच्याविरुद्ध जातो. याच मालेचे सातवें व आठवें पुस्तक काढून पाहावें. व्हिटने यांच्या मागें राहिलेलें अथर्ववेदसंहितेचें भाषांतर व टीका १९०५ मध्यें तेथें प्रसिद्ध झाली. तिच्या मुखपृष्ठावर कर्ते म्हणून व्हिटने यांचें नांव असून, तें काम सुधारून, पूर्णतेस अधिक जवळ नेऊन संपादिलें म्हणून लॅनमन यांचेंही नांव स्पष्ट छापलें आहे. मृत विद्वानाचें अपुरें काम पुढें नेणाऱ्यास संपादक म्हणावें, हा न्याय लॅनमन यांनीं स्वतःस पांच वर्षांपूर्वींच लावून घेतला होता. तोच पाहुण्यास लावण्याची वेळ आली तेव्हां तो आठवला नाहीं.

दुसरा पुरावा लंडनचा आहे. मज्झिमनिकायावरील बुद्धघोषाची अट्ठकथा, 'पपञ्चसूदनी', पालि टेक्स्ट सोसायटीनें छापावयास घेतली. तिचा पहिला भाग १९२२ मध्यें निघाला. त्यावर संपादक म्हणून वुड्स व कोसंबी अशीं दोन्ही नांवें जोडीनें आहेत. ज्या विद्यापीठांत लॅनमन होते त्याच विद्यापीठांत वुड्सही होते. तेव्हां दोष सरसकट 'पाश्चात्यां'वर टाकणारे आमचे मित्र या मुखपृष्ठाकडे लक्ष देतील तर बरें. मात्र एक गोष्ट संस्थेच्या रचनेंतच होती: वाद पडला म्हणजे यजमान जागेवर राहतो, पाहुण्यास बोट गांठावी लागते.

या भांडणाचा लाभ पुण्यास झाला. १९१२ ते १९१८ पर्यंत कोसंबी फर्ग्युसन कॉलेजांत पालि शिकवीत होते. त्यांचे तेथील शिष्य पु. वि. बापट यांनीं पुढें चिनी भाषेंत उरलेला विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांची तुलना करणारा जो प्रबंध १९३७ मध्यें पुण्यास प्रसिद्ध केला, त्याचें बीज याच सहा वर्षांत पडलें असें मानण्यास हरकत नाहीं.

पुढील फेऱ्या थोडक्यांत सांगतों. १९१८ ते १९२२ दुसरी. याच अवधींत, १९२०–२१ मध्यें, मिसेस ऱ्हिस डेव्हिड्स यांनीं संपादिलेली विसुद्धिमग्गाची प्रत लंडनहून दोन भागांत बाहेर पडली, आणि हार्वर्डची संहिता, जी आधीं निघावयाची, ती मागें राहिली. १९२६ मध्यें लॅनमन निवृत्त झाले व त्याच वर्षीं कोसंबी तिसऱ्यानें गेले. १९२९ मध्यें लेनिनग्राडास पालि शिकविण्यास गेले. परत आल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत तुरुंगांत. १९३१–३२ मध्यें चौथ्यानें हार्वर्ड. बावीस वर्षांत चार वेळां समुद्र ओलांडला, आणि तरीही पुस्तक छापून हातीं आलें नव्हतें.

तेव्हां त्यांनीं केलें तें असें. १९४० मध्यें मुंबईच्या भारतीय विद्या भवनामार्फत त्यांनीं विसुद्धिमग्ग नागरी लिपींत स्वतंत्रपणें प्रसिद्ध केला. त्यावर संपादक एकटे कोसंबी आहेत. त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं बुद्धघोषाच्या देशाविषयीं जो विचार केला तो पुष्पिकांवर भर देणाऱ्या संशोधकांनीं मुद्दाम वाचावा. बुद्धघोष हा बुद्धगयेजवळचा ब्राह्मण, ही महावंसाच्या उत्तरभागांतील कथा त्यांनीं बाजूस सारली आणि ग्रंथाच्या अखेरीस आलेल्या 'मोरण्डखेटक' या स्थलनामावरून व इतर अंतर्गत पुराव्यावरून त्यास दक्षिणेकडील, तेलुगु देशांतील ठरविलें. चरित्रकथेपेक्षां पुष्पिका श्रेष्ठ, हा आमच्या मंडळींचा नियम त्यांनीं पालींत चालविला. १९४३ मध्यें याच ग्रंथावरील त्यांची 'दीपिका' सारनाथास निघाली.

आम्ही राहतों त्या नागपूरलगतच्या वाडीहून सेवाग्राम एका दिवसांत जाऊन येण्याइतकें जवळ आहे. तेथेंच ४ जून १९४७ रोजीं, अन्नत्याग करून, कोसंबींनीं देह ठेविला. त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळानें काढला, त्यामुळें विदर्भांत त्यांचें नांव घरोघर गेलें. हार्वर्डच्या ग्रंथाचें नांव मात्र येथें फार थोड्यांच्या कानीं आहे. तो ग्रंथ मालेचें एकेचाळिसावें पुस्तक म्हणून १९५० मध्यें निघाला: वॉरन यांच्या मृत्यूनंतर ५१ वर्षांनीं, लॅनमन यांच्यानंतर ९ व कोसंबींनंतर ३ वर्षांनीं. मुखपृष्ठावर वॉरन हे संपादक असून कोसंबी हे संशोधन करणारे, असें आहे. 'संशोधक' हा शब्द मराठींत भारदस्त वाटतो, परंतु तेथील मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ 'पुन्हा पाहून सुधारणारा' एवढाच आहे. १९०५ च्या मुखपृष्ठावर लॅनमन यांस हा शब्द पुरला नव्हता. त्यापुढें 'संपादक' हा शब्दही घालावा लागला. तेंच माप येथें लाविलें असतें तर दोन्ही नांवें संपादक म्हणून आलीं असतीं, आणि वॉरन यांचें कांहींएक उणें झालें नसतें.

मालेचें बेचाळिसावें पुस्तक, विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश', १९५७ मध्यें निघालें. त्याचे संपादक दामोदर धर्मानंद कोसंबी व वा. वि. गोखले. हे दामोदर म्हणजे वडिलांबरोबर लहानपणीं केंब्रिजास गेलेला व १९२९ मध्यें हार्वर्डची पदवी घेतलेला मुलगा. १९४८–४९ मध्यें शिकागो विद्यापीठांत गणिताचा अभ्यागत प्राध्यापक म्हणून तोही जाऊन आला होता. या मुखपृष्ठावर कोणाचा वाद झाला नाहीं.

आतां एक काम उरलें आहे. १९४० ची मुंबईची नागरी प्रत व १९५० ची हार्वर्डची रोमन प्रत या दोहोंचे पाठ परिच्छेदशः ताडून पाहिल्यास वॉरन यांचा पाठ कोठें राहिला व कोसंबींचा निर्णय कोठें आला, हें पुष्कळ अंशीं उलगडेल. त्यासाठीं मुंबई प्रतीची शुद्धिपत्रासह पूर्ण नकल हवी. ज्या संग्राहकांपाशीं ती असेल, विशेषतः कोसंबींच्या किंवा त्यांच्या शिष्यांच्या हातच्या समासांतील टिपांसह असेल, त्यांनीं ती पाहावयास द्यावी. पानांची संख्या, बांधणी आणि पूर्वीच्या मालकाची नोंद तेवढी आधीं लिहून पाठविली तरी चालेल.