आईच्या पानाचा साचा

परवा जुन्या सीड्या चाळताना आमच्या घरच्या संकेतस्थळाची २००२ सालची प्रत सापडली. अकरा पानं आणि अकराही वेगळी. एक निळं, एक पिवळं, एकावर तर सरकणारी अक्षरं! हसू आलं. पण मग वाटलं, या गमतीलाही एक इतिहास आहे.

तेव्हा सगळे असंच करायचे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर जो तो आपलं पान हातानं सजवायचा. स्वातंत्र्य भरपूर, पण मेनूत एक नाव वाढवायचं म्हटलं की अकरा फायली उघडा. यावर उपाय शोधणं चालूच होतं. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली शिफारस आली आणि रूप मजकुरापासून वेगळं करता येऊ लागलं. ड्रीमवीव्हरमध्ये साचे आले: काही भाग कुलूपबंद, काही मोकळा. साचा बदलला की त्यावरची सगळी पानं बदलायची. पुढे मजकूर डेटाबेसातच गेला. कुणी पान मागितलं की तो साच्यात ओतून दाखवायचा.

सोय झाली खरी, पण सगळी पानं एका छापाची झाली.

मला हे टोचलं २००४ मध्ये. त्या वर्षी आई गेली. तिची पत्रं टंकून मी संकेतस्थळावर घातली. मी वर्डप्रेस वापरत होतो आणि त्यात तेव्हा सगळं एकाच इंडेक्स फायलीतून दिसायचं. त्यामुळे आईच्या शेवटच्या पत्राशेजारी कॅलेंडर, आणि त्याखाली सिनेमांचे नि पाककृतींचे दुवे. वाचताना नजर सारखी तिकडे जायची.

फेब्रुवारी २००५ मध्ये वर्डप्रेसची १.५ आवृत्ती आली. तिच्यात थीम आल्या, नोंदींपासून वेगळी 'पानं' आली, आणि प्रत्येक पानाला स्वतःचा साचा नेमून देता येऊ लागला. करायचं एवढंच, की थीमच्या फोल्डरात एक फाईल ठेवायची आणि तिच्या माथ्यावर साच्याचं नाव लिहायचं. मग पान संपादित करताना यादीतून ते नाव निवडायचं. मी नाव दिलं 'पत्रं'. कॅलेंडर गेलं, दुवे गेले. उरली फक्त आईची अक्षरं आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा. बाकीचं संकेतस्थळ जसंच्या तसं.

मंडळी, गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. २०११ मध्ये मी हौसेनं थीम बदलली. तो साचा जुन्या थीमच्या फोल्डरात होता, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. नेमलेली फाईल सापडली नाही, की पान मुकाट्यानं नेहमीच्या साच्यात दिसतं. चूक झाल्याचं कुणी सांगत नाही. काही महिन्यांनी बहिणीचा फोन आला, "दादा, आईच्या पत्रांशेजारी हे कसले दुवे लावलेस?"

जुन्या बॅकअपमधून ती फाईल शोधली. या वेळी चाइल्ड थीम करून तिच्यात ठेवली, म्हणजे मूळ थीम अद्ययावत केली तरी ती पुसली जाणार नाही. आता पानाला साचा पुन्हा नेमावा म्हणून संकेतस्थळ उघडलं, तर पान आधीच पूर्वीसारखं झालेलं! निवड डेटाबेसात शाबूत होती. इतके महिने ते पान आपला साचा लक्षात ठेवून होतं. टाकून दिला होता तो मी.

पुढे डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून नोंदींनाही असे साचे नेमता येऊ लागले. जानेवारी २०२२ च्या ५.९ पासून तर ब्लॉक थीममध्ये फाईल न उघडता संपादकातच साचा घडवता येतो. सोपं झालंय. मी मात्र ती जुनी फाईल अजून जपून ठेवली आहे. तिच्यात जेमतेम तीस ओळी आहेत.

असो. थीम बदलण्याआधी कुठल्या पानाला काय नेमलंय, तेवढं मात्र एकदा पाहून घ्या.