शेपटीचे माहात्म्य

बिलियर्डची काठी निवडणारा बहुधा मुठीवरील नक्षी प्रथम पाहतो. इतिहास मात्र टोकाकडे बोट दाखवितो. सतराव्या शतकात हा खेळ जाड तोंडाच्या दांड्याने खेळत. चेंडू मेजाच्या कडेस चिकटला म्हणजे ते तोंड निरुपयोगी होई, आणि दांडा उलटा धरून त्याच्या बारीक शेपटीने टोला द्यावा लागे. ‘क्यू’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ शेपूट असाच आहे. पुढे १८०७ च्या सुमारास टोकास चामडे लाविल्याचे श्रेय कप्तान मेंगो यांस देतात. त्यामुळे चेंडूस फिरकी देणे साधले.

आपल्याकडे खिसे असलेल्या मेजाचा प्रघात आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली त्याच खेळात जगज्जेते झाले. कॅरम बिलियर्डच्या मेजास खिसे नसतात व मदार फिरकीवर असते. म्हणून तिची काठी ताठ, बहुधा मेपलची, आणि टोकाकडून मुठीकडे सलग जाड होत जाणारी घेतात.

खोडाळ्याच्या रानात मेपल नाही, साग व बांबू आहेत. परंतु लाकडाची पारख तेथेही निराळी नाही. एक डोळा मिटून टोकाकडून पाहावे. रेषा सरळ असाव्यात, गाठ नसावी. नक्षीचा विचार आमच्या मते त्यानंतर करावा.