नाडा, सोंदूर आणि इंजान

आमच्या कृष्णाकाठच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग पडतात: मोटेचा आणि इंजनाचा. स्वातंत्र्य कधी मिळालं, संयुक्त महाराष्ट्र कधी झाला, याची आपण आठवण करून द्यावी लागते. थोरल्या विहिरीवर इंजन कधी बसलं ते मात्र ‘बेंदराच्या आदल्या बाजारी’ इतकं नेमकं ठाऊक असतं. ‘इंजन’ हा माझा पुस्तकी उच्चार. आजोबा ‘इंजान’ म्हणत, आणि रात्री अंगणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून कुणाचं इंजान चालू आहे ते सांगत. कुणाचं धापा टाकतं, कुणाचं मधेच एक ठोका गाळतं, कुणाच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा पालथा घातलाय, सगळं त्यांना अंथरुणातून कळे.

मोट मी चालताना पाहिली ती शेवटची शेवटची, तीही पत्र्याची. आजोबांच्या तोंडी होती ती चामड्याची. एका खेपेला आठ-दहा डबे पाणी यायचं, असा त्यांचा हिशेब. डबा म्हणजे रॉकेलचा. तिची रचना ते काड्या मांडून दाखवत. मोटेच्या तोंडाला लोखंडी कडं, त्याला जाड दोर बांधलेला, तो नाडा. नाडा वरच्या चाकावरून जाणार. मोटेला खाली हत्तीसारखी सोंड, तिच्या टोकाला बारीक दोर, तो सोंदूर. सोंदूर खालच्या कण्यावरून जाणार. बैल धावेवरून उतारानं निघाले की दोन्ही दोर एकदम ओढले जात आणि सोंड वर दुमडलेली राही, म्हणून पाणी सांडत नसे. मोट काठाशी आली की चाक उंचावर आणि कणा खाली, त्यामुळं सोंड आपोआप थारोळ्यात ओढली जाऊन उघडे आणि पाणी भळाभळा पाटाला लागे. ना झडप, ना खिटी. दोन दोरांच्या लांबीतल्या फरकावर सगळं चाले. हे ज्यानं पहिल्यांदा जुळवलं असेल त्याचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. उतरताना मोटकरी नाड्यावर बसे, म्हणजे बैलांच्या ओढीला त्याच्या वजनाची भर. परतताना बैल तोंड न फिरवता, मागं सरत धाव चढत. ही चाल शिकवायला एक हंगाम जाई.

आणि गाणी. मोट म्हटलं की आपल्याकडं लिहिणाऱ्यांना गाणीच आठवतात. पहाटे चांदणीच्या वेळी मोट सुरू व्हायची, धाव उतरताना आवाज चढायचा, शिवारातून दुसऱ्या विहिरीवरचा गडी जाब द्यायचा, हे आजोबांनीही सांगितलं, आणि सांगताना त्यांचा गळा भरून येई. आजी जवळच शेंगा फोडत बसलेली असे. ती एकदाच म्हणाली, “गाणं कशाचं? झोप लागू नये म्हून वरडायचं. झोप लागून नाड्यावरनं हिरीत गेल्यालं बी हैत.” आजोबांनी ते नाकारलं नाही.

मोटेचा खरा पसारा विहिरीवर नव्हताच, तो गावभर होता. जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम महारवाड्याचं. कातडं बाभळीच्या सालीत मुरवून कमवायचं काम ढोरांचं. मोट शिवायची, फाटली की ठिगळ लावायचं, ते चामडं हाताळणाऱ्यांकडं. नाडा, सोंदूर, कासरे, दावी हे मातंगांच्या हातचं. चाक, कणा सुताराचा, कडं लोहाराचं. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाड्या’त ही सगळी देणीघेणी तपशिलानं आली आहेत. पाणी विहिरीतून पिकापर्यंत यायला एवढ्या जातींचे हात लागत, आणि त्यांतल्या काहींना त्याच विहिरीला शिवायची बंदी असे. चामड्याची मोट विहिरीत बुडे, तिचा विटाळ नव्हता. तिला शिवणाऱ्या माणसाचा मात्र होता. हे आजोबांच्या ध्यानात आलं नसेल असं नाही. सांगताना ते या जागी घाई करत, एवढंच.

किर्लोस्करवाडी आमच्या गावापासून सायकलीच्या अंतरावर, त्यामुळं यंत्र म्हणजे काहीतरी परमुलखातलं, असं आमच्याकडं कधी वाटलं नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांचं रेखाटन (मेकॅनिकल ड्रॉइंग) शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचं दुकान चालवून पुढं लोखंडी नांगराकडं वळले. बेळगावातून जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचं माळरान दिलं आणि १९१० मध्ये तिथं कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगरानं जमीन नासते, अशी धास्ती घेऊन शेतकऱ्यांनी सुरुवातीला नांगराला हात लावला नाही, ही गोष्ट सगळीकडं सांगतात. आमच्या गावातले म्हातारे ती ऐकून हसत आणि पुढं जोडत, “लोखंडाची भीती न्हवती, पैशाची हुती. लाकडी नांगर सुतार बलुत्यात करून देत हुता. हा रोखीनं घ्यायचा.” मला हे कारण जास्त पटतं. शेतकऱ्याला अडाणी ठरवणाऱ्या गोष्टी कारखानदारीच्या इतिहासात फार लवकर रूढ होतात.

या कारखान्यानं फक्त यंत्रं केली नाहीत हेही सांगायला हवं. मालाची माहिती द्यायला १९२० मध्ये काढलेलं ‘किर्लोस्कर खबर’ शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये त्याच्या शेजारी ‘स्त्री’ आलं. नांगराच्या जाहिरातीचा कागद विधवाविवाहावर आणि बुवाबाजीवर बोलू लागला. तिकडं साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही नांगर आणि इंजनं होत होती. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत. १९४६ मध्ये पुण्याच्या खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या वीसेक वर्षांत हिरव्या-राखाडी रंगाची ती धुडं बैलगाडीतून गावोगाव उतरली.

आमच्या विहिरीवरचं इंजन भूविकास बँकेच्या कर्जातून आलं. म्हणजे सातबारावर बोजा चढला. त्याआधी घराला देणं नव्हतं असं नाही, पण ते सावकाराच्या वहीत होतं. तलाठ्याच्या दप्तरात ते पहिल्यांदा गेलं. ज्याच्या नावावर जमीन त्यालाच कर्ज, त्यालाच इंजन, हा साधा हिशेब तिथून सुरू झाला. इंजन चालू करणं हे अंगमेहनतीचंच काम होतं: आधी पंपात पाणी भरायचं, फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर ते पुन्हा भरायचं, मग खटका उचलून धरायचा, हँडल मारायला लागायचं, फ्लायव्हीलनं वेग घेतला की खटका सोडायचा. हँडल वेळीच निसटलं नाही तर मनगट गेलं म्हणून समजा. चुलत्यांचा उजवा हात असाच कायमचा वाकडा राहिला, आणि ते तो मिरवत. मोटकऱ्याला गावात कुणी विचारत नसे. इंजन चालवणारा पोरगा मात्र तेलकट चड्डीत चावडीवर बसला तरी चार माणसं सरकून जागा देत.

मोटेला बैलांमागं एक, दारं धरायला एक, वैरणीला एक आणि पहाटपाळी बदलायला एक, अशी माणसं लागत. भावांना एकत्र राहण्यावाचून गत्यंतर नसे. इंजनाला एक माणूस पुरे. विहिरीच्या पाळ्या पूर्वी दिवसांच्या होत्या, त्या तासांवर आल्या, आणि तास मोजायचे तर घड्याळ कुणाचं खरं यावरून भांडणं. इंजन आल्यावर तीन वर्षांत आमचं घर फुटलं. आजी याचा दोष इंजनाला देई, आई आजीला. मला वाटतं घर आधीच फुटलेलं होतं, नाड्यानं बांधून ठेवलं होतं.

पाणी वाढलं तसं ज्वारीच्या जागी ऊस आला. मोटेवर ऊस निघे तो गुऱ्हाळापुरता. इंजनानं त्याचे मळे झाले. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याची वाट मग आमच्याकडंही आली, आणि वसंतदादांच्या सांगलीत गाळपाचा हंगाम हाच वर्षाचा मुख्य सण झाला.

दुसऱ्या बाजूनं हीच गोष्ट ऐकायला मिळाली ती आजोबांच्या बरोबरीच्या एका दोरवाल्या म्हाताऱ्याकडून. मी त्यांना बाबा म्हणे. त्यांच्या अंगणात घायपाताची पानं ओढ्यात कुजत घालण्यापासूनची सगळी कहाणी त्यांनी हातवारे करून सांगितली. कुजलेली पानं बडवताना वास असा, की जेवण जात नसे. रस अंगावर उडाला की मांड्या खाजून रक्त येई. बडवून, धुऊन पांढरा वाख निघाला की तो मांडीवर वळायचा आणि मग दोघांनी समोरासमोर उभं राहून पीळ द्यायचा. नाडा तीन पदरी, आणि पदरात एक जरी जागा हलकी राहिली तर मोट भरल्या विहिरीत जायची आणि शिव्या वस्तीवर यायच्या. या सगळ्याचं मोल सुगीत, खळ्यावर. “खळ्याच्या कडंला उभं ऱ्हायाचं. पेंढ्या फेकून द्यायचं. उचलून घ्यायच्या,” ते म्हणाले. उचलून दाखवताना ते खरोखर वाकले.

१९२७ च्या मार्चात महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं होतं. आमच्या गावात मेलेली ढोरं ओढणं थांबलं ते धर्मांतरानंतर, १९५६ च्या पुढं. गावानं आधी बहिष्काराची भाषा केली, मग कातडं बाजारातून महाग पडू लागल्यावर पत्र्याच्या मोटा आणल्या. चामड्याची फक्त सोंड उरली. महारवतनं कायद्यानं गेली १९५८ च्या सुमारास. म्हणजे मोट एकट्या इंजनानं घालवली नाही. ती ज्यांच्या हातांवर उभी होती त्यांनी आधीच हात काढून घ्यायला सुरुवात केली होती. आजोबांच्या कहाणीत हा भाग नव्हता. त्यांच्या कहाणीत बैलांची मान सुटली आणि गाणी गेली.

बाबांना मी विचारलं, इंजन आल्यावर तुमचं पोट कसं चाललं? “चाललं न्हाई,” ते म्हणाले. “थोरला भाऊ म्हमईला गेला, गिरणीत. मी ऊसतोडीला. दोन वर्सं लई हाल झालं.” मग वाईट वाटलं का, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी तो प्रश्न पुन्हा कधी कुणाला विचारला नाही. बेंदराला नवी दावी-कासरे घेऊन ते पुढंही पाच-सहा घरी जात, पण ठरलेल्या पैशांनी. आमच्या घरी ते चहा पीत. कपबशी वेगळी होती. ती इंजन आल्यावरही बरीच वर्षं वेगळीच राहिली.

इंजनंही आता गेली. शेतीची वीज तीन फेजनं ठरावीक तासच येते, आणि पाळी रात्रीची असली की माणसं बॅटरी घेऊन सापांतून वाट काढत मोटर चालू करायला जातात. ज्यांना परवडतं त्यांनी मोबाइलवरचा स्टार्टर बसवलाय. ऊस मात्र तितकंच पाणी मागतो आणि बोअर खोल खोल जाते. होल्टेज कमी पडून मोटरी जळतात. त्या भरून देणाऱ्यांत तालुक्याला चांगलं नाव आहे ते बाबांच्या नातवाचं. त्याच्या दुकानात मी बसलो होतो, तेव्हा आमच्याच भावकीतला एकजण खांद्यावरून मोटर घेऊन आला. उसाचं बिल निघालं की देतो म्हणाला. पोरानं तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता मानेनं भिंतीवरचा क्यूआर कोड दाखवला आणि म्हणाला, “काका, निम्मं आत्ता, निम्मं नेताना. कारखान्याची वाट मी न्हाई बघत.” काकांनी खिशातून मोबाइल काढला, पिन दोनदा चुकली, तिसऱ्यांदा पैसे गेले.