गोदावरीच्या गळाचे पंचांग

नांदेडच्या गोदाकाठी गळ आणि जाळी सज्ज करण्याचे वेळापत्रक पूर्वी नक्षत्रे ठरवीत. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. नव्या पाण्याबरोबर नदीतले बरेच मासे अंडी घालायला धारेविरुद्ध चढतात. त्याआधी जाळी सांधायची, शिसे ओवायचे, गळ घासून ठेवायचे. पूर ओसरून पाणी निवळले की गळाचे दिवस.

१९७६ मध्ये पैठणला जायकवाडी पुरे झाले, नंतर नांदेडला लागून विष्णुपुरी आले. पूर किती आणि केव्हा, हे पावसाइतकेच दरवाजांवर ठरू लागले. लातूरच्या मांजरेचे दुखणे निराळे. २०१६ मध्ये धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. तिथे गळ कुठे टाकणार?

धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याने मात्र तारीखच लिहून दिली. आंध्रशी चाललेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर. वाद २.७४ टीएमसीच्या बंधाऱ्यातील पाण्याचा होता, माशांचा नव्हे. तरीही चढणीचे बहुतेक दिवस या मुदतीत बसतात, हे माझ्या मते भोयांचे नशीब. पण मृग वेळेवर बरसला, तर पहिल्या पाण्याला चढणाऱ्या माशापुढे जूनअखेरपर्यंत बंद दरवाजेच असतात.